दीनबंधू गोबरगॅस, दोन घनमीटर : घाटमाथ्यावरच्या घराला घ्यावा का?

घाटमाथ्यावर गोबरगॅस घेताना पहिली चूक होते ती गुरं मोजण्यात. अर्जावर ‘जनावरे ५’ लिहिलं की दोन घनमीटरचं, म्हणजे रोज तेवढा गॅस देणारं संयंत्र ठरून जातं. पण संयंत्राच्या घुमटात गुरं जात नाहीत, शेण जातं. राधानगरी, चांदोली, कोयनेच्या अंगाच्या वाड्यांवर गुरं सकाळी रानात सुटतात आणि तिन्हीसांजेला परततात. दिवसाचं शेण रानातच पडतं. रात्रभर बांधलेल्या बुटक्या गावठी गाईखाली सकाळी पाच-सहा किलोच सापडतं. चोवीस तास दावणीला असलेली म्हैस मात्र पंधरा किलोपर्यंत देते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो ताजं शेण लागतं. म्हणजे बांधलेल्या दोन म्हशी आणि रात्रीपुरत्या गोठ्यात येणाऱ्या चार गाई असतील तरच हिशेब जमतो.

म्हणून घ्यायच्या आधी सलग सात सकाळी शेण वजनकाट्यावर तोला. सुगीनंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा तोला. पिकं निघाली की गुरं मोकळी सोडतात आणि नेमकं तेव्हाच शेण निम्म्यावर येतं. पंचवीस-तीस किलोच भरत असेल तर एक घनमीटरचंच बांधा. मोठ्या टाकीने गॅस वाढत नाही. वाढतो तो विटा-सिमेंटचा खर्च आणि पहिल्या भरणीचं ओझं.

आता मूळ वस्तूबद्दल. दीनबंधू हा स्थिर घुमटाचा नमुना दिल्लीच्या अफ्प्रो या संस्थेने १९८४ मध्ये पुढे आणला. त्याआधीचा स्थिर घुमटाचा ‘जनता’ नमुना १९७८ मधला. ‘जनता’ नमुन्यात विटांची उभी गोल भिंत आणि तिच्यावर घुमट असायचा. दीनबंधूत खाली बशीसारखा तळ आणि वर थेट घुमट, त्यामुळे विटा-सिमेंट वाचतं आणि भिंत-घुमटाच्या सांध्यातली गळतीही टळते. लोखंडाचा भाग जवळपास नाहीच, आणि सह्याद्रीच्या पावसात हा याचा सगळ्यात मोठा गुण. तरंगत्या टाकीच्या जुन्या नमुन्यात गॅसचा दाब एकसारखा राहतो, पण तिची लोखंडी टाकी दरवर्षी खरवडून रंगवावी लागते. चार महिने धो धो पाऊस आणि धुकं असलेल्या गावात एक वर्ष रंग चुकला की गंजाने भोकं पडतात.

पूर्ण शेण मिळालं तर गॅस किती? एक किलो शेणाला साधारण ०.०४ घनमीटर, म्हणजे ५० किलोला दोन घनमीटर. नेहमीची एक शेगडी तासाला सुमारे ०.४५ घनमीटर गॅस घेते. एकूण साडेचार तास जळण झालं. पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा यात बसतो. सिलिंडरच्या भाषेत सांगायचं तर एक घनमीटर गोबरगॅस साधारण ०.४३ किलो एलपीजीच्या बरोबरीचा, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर सोळा-सतरा दिवसांत भरून निघतो. हे आकडे भरपूर शेण आणि गरम हवेचे आहेत. पौष-माघात घाटमाथ्यावर एवढ्याची अपेक्षा ठेवू नका.

घुमटात दिवसाच्या गॅसपैकी फक्त एक तृतीयांश साठतो, हे विकणारे क्वचितच सांगतात. दिवसभर चूल पेटवलीच नाही तर जास्तीचा गॅस राबडी (आतला शेण-पाण्याचा काला) बाहेर ढकलतो आणि तोंडातून बुडबुडत हवेत जातो. गॅस दोन्ही वेळा वापरायचाच. तापमानवाढीच्या हिशेबात गोबरगॅसमधला मिथेन शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक जड आहे. गळका किंवा न वापरलेला गोबरगॅस जंगलाचं भलं करत नाही, उलट हवेचं नुकसान करतो. गॅस किती शिल्लक आहे ते बघायला मीटर लागत नाही. आउटलेटच्या, म्हणजे राबडी बाहेर येते त्या टाकीत राबडी वर चढलेली असेल तर घुमट भरलेला, खाली बसली असेल तर रिकामा. शेगडी पेटवून आउटलेटकडे पाहत राहिलं तर काठावर ओली रेघ मागे ठेवून राबडी बोट-बोट उतरताना दिसते.

डोंगरात संयंत्र बिघडण्याची निम्मी कारणं बांधकामाच्या दिवसांतच पेरली जातात. काम मार्गशीर्ष ते चैत्र या काळातच करा. मे अखेरीस खड्डा उघडा राहिला आणि वळीव आला की बाजू ढासळते. त्याहून वाईट म्हणजे रिकामं संयंत्र पावसात सापडणं. आषाढात डोंगरउतारावर जमिनीतून पाणी फुटतं, ते बाहेरून तळ वर उचलतं आणि बशीला तडा जातो. म्हणून मृगाआधी टाकी भरलेली हवी.

जागा गोठ्याच्या खालच्या बाजूला घ्या. उताराचा फायदा इथे होतो: शेण वरून खाली येतं, राबडी आपोआप खालच्या खड्ड्यांत उतरते. विहिरीपासून किंवा झऱ्यापासून किमान १५ मीटर दूर राहा, आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला तर नकोच. वरून येणारं पागोळ्यांचं आणि उताराचं पाणी अडवायला चर खणा. पावसाचं पाणी शेण ओतायच्या इनलेटमध्ये शिरलं की राबडी पातळ होते, आतलं ताजं शेण न कुजताच बाहेर पडतं आणि श्रावणात ‘गॅसच येत नाही’ अशी ओरड सुरू होते. आउटलेटवर फरशा हव्यातच. पावसासाठी हव्यात आणि लहान मूल किंवा वासरू आत पडू नये म्हणूनही.

सामान म्हणजे हजारेक पक्क्या विटा, चौदा-सोळा पोती सिमेंट, वाळू, खडी. कोकणाच्या बाजूला स्वस्त म्हणून जांभ्याचे चिरे वापरायचा मोह होतो. घुमटाला जांभा नको, तो सच्छिद्र आहे. वीट खणखणीत वाजली पाहिजे आणि लावण्याआधी भिजवलेली पाहिजे. घुमटाच्या आतल्या गिलाव्यावर पैसे वाचवू नका. एकास तीन सिमेंट-वाळूचा दोन थरांचा गिलावा, वर सिमेंटची घोटाई आणि ती सुकल्यावर गॅस अडवणारा रंग. विटेतून राबडी पाझरत नाही, पण गॅस सुटतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. निदान दहा-बारा दिवस रोज पाणी मारा. टंचाईच्या गावात हे पाणी आधी मोजून ठेवा, कारण मिस्त्री घाईत असतो. भोवतीची माती थर देऊन, पाणी मारून, धुमसून भरायची. बाहेरून मातीचा भार आहे म्हणूनच घुमट आतला दाब सोसतो. उतारावर खालच्या अंगाची माती वाहून घुमट उघडा पडला तर तो पहिल्याच वर्षी चिरतो, तेव्हा तिथे दगडाची पौळ घाला.

मिस्त्रीचे पैसे चुकते करण्यापूर्वी पाण्याची चाचणी घ्या. टाकीत पाणी भरून दोन दिवस पातळी पाहा. मग वरचा वॉल्व्ह बंद करून आणखी पाणी ओता. आतली हवा दाबली जाते आणि आउटलेटमध्ये पाणी चढतं. तिथे खूण करा आणि चोवीस तासांनी पुन्हा बघा. पाणी स्पष्ट खाली आलं असेल तर घुमट गळतोय. राबडी भरल्यावर ही गळती शोधणं जवळपास अशक्य. वॉल्व्ह आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा.

पहिल्या भरणीला सुमारे दोन टन शेण आणि तितकंच पाणी लागतं. घरच्या गुरांचं महिना-दीड महिन्याचं शेण साठवावं लागतं, आणि ते सुकू न देता, सावलीत. शेजारच्या चालू संयंत्रातली पाच-दहा बादल्या राबडी विरजण म्हणून घाला, दिवस वाचतात. भरताना वॉल्व्ह उघडा ठेवा. पहिला गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो उघड्यावर, आगीपासून दूर, एक-दोनदा सोडून द्या. ज्योत निळी लागली की रोजची भरणी सुरू करा: एक पाटी शेण, तेवढंच पाणी, हाताने गाठी मोडून, माती-खडे-काड्या वेचून. गवताच्या काड्या आत गेल्या की वर जाड साय धरते आणि गॅस खालीच अडकतो. गोठा फिनेलने धुतलेलं पाणी, साबणाचं पाणी, औषधाचं इंजेक्शन दिलेल्या गुराचं शेण हे सगळं बाहेर ठेवा.

पाणी हा इथला खरा अडसर. रोज ५० लिटर, तेही होळीनंतर, जेव्हा वाडीत हंडे रांगेत लागतात. पाण्यात थोडं गोमूत्र मिसळता येतं. निवळलेल्या राबडीचं पाणी पुन्हा कालवायला वापरता येतं, निम्मंअधिक पाणी वाचतं. ज्या वाडीत उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरने येतं तिथे मात्र हे संयंत्र आम्ही सुचवणार नाही.

थंडीचं गणित वेगळं. आतले जंतू ३० ते ३५ अंशांत जोमाने काम करतात, १५ अंशांखाली सुस्तावतात आणि १० च्या आसपास जवळजवळ थांबतात. जमिनीखाली असल्यामुळे दीनबंधू तरंगत्या टाकीपेक्षा ऊब धरून राहतो. तरी महाबळेश्वरच्या उंचीवर हिवाळ्यात गॅस खूप घटतो. तशा ठिकाणी मिस्त्रीला शेण आत ४० ऐवजी ५५ दिवस राहील असा आराखडा मागा. ५० किलो शेण अधिक ५० लिटर पाणी, रोज शंभर लिटर. ४० दिवसांची टाकी चार हजार लिटरची, ५५ दिवसांची साडेपाच हजारांची. खर्च वाढतो, पण शेण आत जास्त दिवस राहून पुरतं कुजतं. भरणी पहाटे न करता दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्याने करा. घुमटावर भाताचा पेंढा किंवा कंपोस्टचा ढीग टाका.

पाइपलाइन २० मीटरच्या आत ठेवा. तिचा उतार संयंत्राकडे हवा, आणि जिथे पाइप खाली झुकेल तिथे पाणी काढायची तोटी. पावसाळ्यात गॅसमधल्या वाफेचं पाइपात पाणी होतं आणि ज्योत फडफड करत विझते. लोक घुमटाला दोष देतात, दोष पाइपातल्या कपभर पाण्याचा असतो. शेगडी गोबरगॅसचीच घ्या. एलपीजीच्या शेगडीचं भोक बारीक असतं, तिच्यावर ज्योत धरत नाही. दाब कमी-जास्त होतो, म्हणून हवेची झडप रोज थोडी फिरवावी लागते. एक गोष्ट कधीच करायची नाही: साफसफाईसाठी टाकीत उतरणं. आत प्राणवायू नसतो, आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही जातो.

रस्ता नसलेल्या धनगरवाड्यावर हजार विटा डोक्यावरून नेणं कठीण. तिथे फायबरचा तयार घुमट महाग असला तरी बरा, चार माणसं तो पायवाटेने नेतात. पिशवीचा नमुना सगळ्यात हलका, पण उंदीर, वानरं आणि ऊन त्याला टिकू देत नाहीत.

जंगल किती वाचतं? पूर्ण चाललं तर कागदावर रोज सात किलोच्या आसपास लाकूड. प्रत्यक्षात वर्षाकाठी निम्मं धरा, कारण अंघोळीच्या पाण्याची चूल याने विझत नाही. पावसाळ्यात सगळ्यात जास्त लाकूड न्हाणीघरात जळतं. घरात गोबरगॅस आणि न्हाणीला सुधारित चूल किंवा बंब अशी जोडी असेल तरच बायकांच्या डोक्यावरच्या मोळ्या खरंच कमी होतात.

राबडीचा उपयोग मात्र घाटमाथ्यावर फार मोठा आहे. भात-नाचणीच्या रोपांसाठी इथे राब भाजतात: शेण, ऐन-किंजळीचा टाहाळ, पातेरा, वर माती, आणि आग. झाडं दरवर्षी छाटून बोडकी होतात, आणि गोबरगॅसला हवं असलेलं उन्हाळ्यातलं शेणही राबाकडेच जातं. पहिल्या वर्षी सगळे वाफे बदलू नका. एका वाफ्यात राब भाजा, शेजारच्या वाफ्यात सुकवलेली राबडी मिसळून पेरा. भाजलेल्या वाफ्यात तणाचं बी जळून जातं, राबडीच्या वाफ्यात एक खुरपणी जास्त पडते, तेवढी मजुरी आधीच धरून ठेवा. अनुदानासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात खड्डा खणायच्या आधी जा. रकमा बदलत राहतात, आणि काम आधी सुरू केलं तर अर्ज अडकू शकतो.