लाइव्ह कोडिंगमध्ये टेम्पो जुळवायला लिंक की मिडी क्लॉक?

लाइव्ह कोडिंग म्हणजे लोकांसमोर कोड लिहीत संगीत वाजवणं. दोघं लॅपटॉप घेऊन बसले, एकाकडे सॉनिक पाय, दुसऱ्याकडे टायडलसायकल्स (दोन्ही त्यासाठीचीच सॉफ्टवेअरं), की पहिली कटकट हीच, दोघांचा टेम्पो जुळवायचा कसा. कानाने जुळवता येतं हो, पण दोन मिनिटांत किक (ड्रमचा जाड ठोका) घसरते आणि टांग्याचे घोडे धावल्यासारखं ऐकू यायला लागतं.

मिडी क्लॉक, म्हणजे वाद्यं-मशीन जोडायच्या मिडी पद्धतीतला टेम्पोचा सिग्नल, जुनं काम. एक मशीन मास्टर, ते दर बीटला २४ टिक पाठवणार, बाकीचे मागेमागे. टिकमध्ये बीपीएमचा (मिनिटाला किती बीट) आकडा नसतोच, समोरचं मशीन दोन टिकमधलं अंतर मोजून अंदाज बांधतं, त्यामुळे लॅपटॉप जरा अडखळला की टेम्पो थरथरतो, आणि मास्टर बंद पडला तर मागचे सगळे लटकले.

एबलटन कंपनीचं लिंक २०१६ चं, ते नेटवर्कवरून टेम्पो जुळवतं, त्यात मास्टरच नाही. एकाच नेटवर्कवर असलात की झालं, मधेच कोणी आला तरी क्वांटम ४ (म्हणजे चार बीटचं आवर्तन) असेल तर बरोबर समेवर येतो, कोणी उठून गेला तरी बाकीच्यांचं चालू. पण टेम्पो कोणीही बदलू शकतो! टायडल सेकंदाला किती सायकल ते मोजतं, एका सायकलमध्ये चार बीट धरून १४० बीपीएमसाठी १४०/६०/४ लिहायचं असतं, गडबडीत शेवटचं /४ राहिलं की लिंकवरचे सगळेच ५६० बीपीएमवर, पळा आता. आणि कॅफेच्या गेस्ट वायफायवर बरेचदा लॅपटॉप एकमेकांना दिसतच नाहीत, म्हणून आपला छोटा राउटर पिशवीत ठेवायचाच.

मी तरी लॅपटॉप-लॅपटॉप असेल तर डोळे झाकून लिंकच घेतो, मिडी क्लॉक फक्त जुनं ड्रम मशीन जोडायचं असेल तेव्हा.