ईएन-३१ स्टील सांगून एमएसचा (साध्या माइल्ड स्टीलचा) कॉलर गळ्यात मारला: बाइकचं सुटं काम लेथवर देणाऱ्यांनी जरूर वाचा

जुन्या मोटारसायकलचा एखादा पार्ट मिळेनासा झाला की लेथवाला गाठण्याशिवाय मार्ग उरत नाही. हवा असतो एकच नग. मोठी वर्कशॉप एका नगासाठी मशीन सेट करत बसत नाहीत, म्हणून जो कोणी पटकन ‘हो’ म्हणेल त्याच्याकडे काम जातं. माझंही तसंच गेलं आणि मला फसवलं गेलं. पैशांचं दुःख आहेच, पण त्याहून मोठा राग याचा आहे की हा पार्ट मागचं चाक धरून ठेवणाऱ्या सांध्यातला होता.

पार्ट होता स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटमधला, म्हणजे तो जिथे फ्रेमवर हलतो त्या सांध्यातला, आतला कॉलर. दिसायला साधा पाइपचा तुकडा. पण नीडल बेअरिंगच्या सुया (सुईसारखे बारीक रोलर) थेट त्याच्या अंगावर फिरतात, म्हणजे बेअरिंगची आतली रेस, रोलर जिच्यावर फिरतात ती कडी, तोच असतो. सुयांची टेकण्याची जागा रेघेइतकी बारीक आणि मागच्या चाकाचा प्रत्येक दणका त्या रेघेवर येतो. म्हणून हा कॉलर ईएन-३१ सारख्या बेअरिंग स्टीलचा, ५८ ते ६२ एचआरसीपर्यंत (रॉकवेल, कडकपणा मोजायचं एकक) कडक केलेला आणि त्यानंतर ग्राइंडिंग केलेला लागतो. माझ्या कॉलरचा बाहेरचा व्यास २२ मिमी. अशा शाफ्टला सहसा h6 (लहान एच) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, धरतात. म्हणजे माप २१.९८७ ते २२.००० मिमीच्या मध्ये यायला हवं.

हे सगळं मी कागदावर लिहून दिलं, सोबत जुना कॉलर सँपल म्हणून दिला. त्या माणसाने कागद पाहिला न पाहिला आणि म्हणाला, “काळजीच करू नका, असले जॉब रोजचे आहेत. ईएन-३१ आपल्याकडे पडलेलंच असतं.” मटेरियल आणि बाहेरून करायच्या हार्डनिंगचे म्हणून पूर्ण पैसे आधी घेतले.

बरेच हेलपाटे घातल्यावर कॉलर हातात आला. गडद काळा, तेलाने चकाकणारा. “बघा कसा टेम्पर बसलाय,” असं म्हणून त्याने तो फरशीवर आपटून आवाजही ऐकवला. माप व्हर्नियर लावून दाखवलं, बरोबर २२. आता विचार करा: नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी असतो आणि आपल्याला हवी असलेली पूर्ण टॉलरन्सच ०.०१३ मिमी आहे. असं माप व्हर्नियरवर तपासताच येत नाही, त्याला मायक्रोमीटर लागतो. ज्याच्या हातात या कामासाठी व्हर्नियर आहे, त्याने ते काम घ्यायलाच नको होतं.

काही आठवड्यांत वळणावर गाडीची शेपटी हलायला लागली. स्विंगआर्म उतरवला तर कॉलरवर सुयांच्या जाडीचे चर पडलेले आणि त्यातून निघालेल्या चुऱ्याने दोन्ही बेअरिंग खलास. ती बेअरिंग नवी टाकली होती.

कॉलरवर कानस मारली तर लोण्यासारखी आत गेली. ६० एचआरसीच्या आसपासच्या पृष्ठभागावरून साधी कानस नुसती घसरते, पकडत नाही. मग ओळखीच्या एका वेल्डरकडे ग्राइंडरला टेकवून ठिणग्या पाहिल्या. ईएन-३१ मध्ये सुमारे १ टक्का कार्बन असतो, त्याच्या ठिणग्यांना भरपूर फाटे फुटतात. इथे लांब सरळ रेघा आणि तुरळक फाटे, म्हणजे सरळसरळ एमएस. एमएसमध्ये कार्बन इतका कमी असतो की ते तापवून तेलात बुडवलं तरी बेअरिंगच्या रेसला लागते तेवढं कडक होतच नाही. फक्त काळं होतं. गॅसवर तापवून जळक्या तेलात टाकलं की तोच काळा रंग येतो आणि तोच रंग हार्डनिंग म्हणून मला विकला गेला.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण फसवणुकीची खरी जागा ही आहे. टर्निंग डोळ्याला दिसतं, हार्डनिंग दिसत नाही. पण एक खूण असते. हार्डनिंग करताना धातू थोडा वाकतो, मापही सरकतं, त्यामुळे आधी थोडं मटेरियल शिल्लक ठेवतात आणि कडक झाल्यावर ग्राइंडिंग करून माप गाठतात. त्या ग्राइंडिंगमध्ये वरचा काळा थर निघून जातो. म्हणजे सुया फिरणारा भाग उजळ आणि गुळगुळीत दिसायला हवा. तोच काळा असेल आणि त्यावर लेथच्या टूलच्या बारीक रेघा असतील, तर ग्राइंडिंग झालेलंच नाही.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला, तुमच्या गाडीचाच दोष आहे. जुनं सँपल मागितलं तर ‘भंगारात गेलं असेल.’ माझ्या मते हे सगळ्यात वाईट. मूळ पार्टच गेला की दुसऱ्याकडे काम द्यायला आधारही उरत नाही आणि तुलना करून खोटं दाखवायला पुरावाही राहत नाही. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

नंतर ज्याच्याकडून कॉलर करून घेतला, त्याची पद्धत सांगतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, “यावर फिरतं काय?” नवं बेअरिंग मागून घेतलं, त्याचा नंबर पाहून शाफ्टचं माप ठरवलं, लांबी स्विंगआर्म आणि फ्रेम प्रत्यक्ष मोजून काढली. हार्डनिंग आपण करत नाही, ट्रीटमेंटवाल्याकडे पाठवतो आणि कडकपणाची चिठ्ठी सोबत देतो, हे स्वतःहून सांगितलं. वेळ जास्त लागेल हेही आधीच सांगितलं. मी त्याच फेरीत ब्रेकच्या एका पिनचं काम विचारलं, तर सरळ नाही म्हणाला. ती कंपनीचीच घ्या म्हणाला. असा ‘नाही’ म्हणणारा माणूस सापडला तर त्याला सोडू नका.

साधा स्पेसर किंवा हँडलचा ब्रॅकेट कुणाकडूनही करून घ्या, फार तर पुन्हा करावा लागेल. पण एक्सल, पिव्हट, ब्रेक यांतलं काही असेल तर सँपल देण्याआधी सगळी मापं आणि फोटो स्वतःकडे ठेवा, सँपलवर पंचने खूण करा, बिलावर मटेरियलचा ग्रेड आणि एचआरसी लिहून घ्या आणि हार्डनिंगचे पैसे चिठ्ठी पाहिल्यावरच द्या. लिहून द्यायला का कू करणाऱ्याकडून पार्ट उचलून तिथूनच परत फिरा.