गिनीपिगचा ‘परिपूर्ण’ संच: एक परीक्षण

गिनीपिग पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी ‘सगळे काही एकाच खोक्यात’ असे आश्वासन देऊन विकल्या जाणाऱ्या एका संचाचे हे परीक्षण आहे. पिंजरा, पाण्याची बाटली, चिनीमातीचे भांडे, प्लास्टिकचे छोटे घर, फिरते चाक, लाकडाच्या भुशाची पिशवी, मिश्र खाद्याचे पाकीट, क जीवनसत्त्वाचे थेंब, मिठाचा खडा आणि एक माहितीपुस्तिका एवढ्या वस्तू त्यात आहेत. आमच्याकडे दोन लहान माद्या आल्या तेव्हा हा संच घेतला. यादी भरगच्च दिसत असली, तरी गिनीपिग दिवसभर जे खातो ते वाळलेले गवत तिच्यात कुठेच नाही, आणि संचाची पारख करायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

गिनीपिगच्या आहारात सुमारे ८० टक्के वाटा गवताचा असावा लागतो आणि ते त्याच्यासमोर चोवीस तास असावे लागते. त्याचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आपल्याला दिसतात, पण खरा धोका दाढांचा असतो; गवत तासन्‌तास चघळले गेले नाही, तर खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढून जिभेवर कमान धरतात आणि भूक असूनही प्राण्याला घास गिळता येत नाही. त्याची पचनसंस्थाही सतत आत येणाऱ्या तंतूंवर चालते. मोठ्या गिनीपिगसाठी टिमोथी किंवा तत्सम गवत योग्य ठरते. लसूणघास म्हणजे अल्फाल्फा या चाऱ्याच्या वनस्पतीत कॅल्शियम जास्त असल्याने ती साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना आणि गाभण माद्यांना चालते, पण पुढेही तीच देत राहिल्यास मूतखड्याचा धोका वाढतो. हे सगळे सांगणारे एक वाक्यही खोक्यावर नाही. मिश्र खाद्याच्या पाकिटावर मात्र ‘संपूर्ण आहार’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे.

ते पाकीट हा या संचातला सर्वांत फसवा भाग आहे. त्यात मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, लाल-पिवळे कुरकुरीत तुकडे आणि थोड्या करड्या-हिरव्या गोळ्या आहेत. आमच्या दोघींनी पहिल्याच दिवशी बिया आणि रंगीत तुकडे नेमके वेचून खाल्ले आणि ज्यांत खरे पोषण असायचे त्या गोळ्या भांड्याच्या तळाशी तशाच ठेवल्या. मिश्र खाद्याचा हा दोष सर्वश्रुत आहे. प्राणी गोड आणि तेलकट तेवढे निवडतो, वजन वाढते आणि पोषण मात्र अपुरे राहते. शिवाय सालासकट बिया घशात अडकू शकतात. त्यापेक्षा एकाच प्रकारच्या, गवतापासून केलेल्या साध्या गोळ्या दिवसाला एक-दोन मोठे चमचे पुरतात. त्या विकत घेताना पाकिटावर उत्पादनाची तारीख आहे की नाही हे जरूर पाहावे, कारण गोळ्यांमधले क जीवनसत्त्व काही महिन्यांतच बरेचसे कमी होते. या संचातल्या पाकिटावर फक्त ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ एवढेच लिहिलेले आहे, त्यामुळे माल किती जुना आहे ते कळायला मार्ग नाही.

क जीवनसत्त्वाचा मुद्दा गौण नाही. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही हे जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. त्यासाठी लागणारे विकरच (एन्झाइम) त्याच्याकडे नसते. निरोगी प्राण्याला रोज दर किलो वजनामागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागते आणि ते कमी पडले की केस रखरखीत होणे, सांधे सुजणे, हालचाल मंदावणे, हिरड्यांतून रक्त येणे अशी स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. संचातले थेंब पिण्याच्या पाण्यात मिसळायचे आहेत आणि ही पद्धत मला मान्य नाही. पाण्यात आणि उजेडात हे जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते, प्राण्याने नेमके किती पाणी प्यायले याचा हिशेब लागत नाही, आणि चव बदलल्यामुळे तो पाणीच कमी पिण्याची शक्यता असते. आमच्याकडे नेमके तेच झाले. थेंब घातलेल्या दिवशी बाटलीतले पाणी फारसे खाली गेले नाही, आणि ते बंद करताच नेहमीसारखे जाऊ लागले. ताज्या ढोबळी मिरचीचा एक तुकडा, सोबत थोडी कोथिंबीर किंवा लेट्यूसची गडद हिरवी पाने, हा उपाय जास्त भरवशाचा आहे, आणि मिरचीची फोड दिसताच दोघी ज्या आवाजात शिट्ट्या घालतात तो ऐकल्यावर थेंबांची आठवणही राहत नाही. कांदा, लसूण, बटाटा यांपैकी काहीही मात्र देऊ नये. मिठाच्या खड्याबद्दल एवढेच म्हणता येईल की, नीट आहार असलेल्या गिनीपिगला त्याची गरज नसते.

पिंजरा दिसायला देखणा आहे आणि त्याचे दार हलक्या हाताने उघडते. त्याचा तळ मात्र जेमतेम दोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद, म्हणजे अडीच चौरस फूट आहे. दोन गिनीपिगसाठी किमान ७.५ चौरस फूट जागा सांगितली जाते आणि १० चौरस फूट असली तर उत्तम. कंपनीने ही उणीव वरच्या जाळीदार मजल्याने भरून काढल्याचा दावा केला आहे, परंतु गिनीपिग हा चढउतार करणारा प्राणी नाही, त्याला सलग सपाट जमीन लागते. जाळीवर उभे राहून त्याच्या उघड्या तळव्यांना जखमा होतात, त्या चिघळतात आणि बऱ्या व्हायला फार वेळ घेतात. आम्ही तो मजला काढून ठेवला आणि भोवती जोडजाळ्यांचे मोठे कुंपण केले. आता पिंजऱ्याचा उपयोग केवळ गवत ठेवण्याचा कोपरा म्हणून होतो.

चाक आम्ही वापरलेच नाही. गिनीपिगच्या पाठीचा कणा चाकात धावताना लागणाऱ्या उलट्या बाकासाठी बनलेला नसतो, त्याने इजा होऊ शकते. याबाबत कंपनीला विचारले असता, हा संच सर्व छोट्या पाळीव प्राण्यांसाठी सारखाच असून खोक्यावरचे चित्र तेवढे बदलते, असे उत्तर आले. उत्तर प्रामाणिक होते हे मान्य करायला हवे, आणि संचातल्या बऱ्याच विसंगतींचा त्यातून उलगडाही झाला. भुशाची पिशवीही त्यातलीच आहे. तिच्यावर ‘नैसर्गिक लाकूड’ असे लिहिले आहे, पण कोणते लाकूड ते नाही. देवदार किंवा प्रक्रिया न केलेल्या पाइनच्या भुशातली सुगंधी द्रव्ये या प्राण्याच्या नाजूक श्वसनमार्गाला त्रासदायक असतात, आणि या पिशवीला तसा उग्र वास येत होता. कागदाच्या लगद्याचे अंथरूण किंवा धुता येणारे फ्लीसचे कापड हे अधिक सुरक्षित पर्याय आहेत.

चांगले म्हणण्यासारख्या वस्तू दोन. चिनीमातीचे भांडे जड आहे आणि कितीही पाय ठेवले तरी उलटत नाही. पाण्याच्या बाटलीची पोलादी नळी घट्ट बसते आणि गळत नाही. नळीच्या तोंडाशी गवताची काडी अडकून पाणी सोडणारी आतली छोटी गोळी जाम होते, म्हणून रोज बोटाने ती हलवून पाणी येते का ते पाहावे लागते, पण हे कोणत्याही बाटलीच्या बाबतीत करावेच लागते. प्लास्टिकच्या घराला एकच दार आहे. दोघींपैकी जी जरा दांडगी आहे ती आत शिरली की तोंड दाराकडे करून बसते आणि दुसरीला आत पाऊल टाकू देत नाही. प्रत्येकीला वेगळा आणि दोन तोंडांचा आडोसा दिल्यावर ही भांडणे थांबली.

माहितीपुस्तिकेबद्दल माझी तक्रार सर्वांत मोठी आहे. एकटा गिनीपिग माणसाला लवकर सरावतो, असे तिच्यात सुचवले आहे. हा कळपाने राहणारा प्राणी आहे आणि स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून तो एकटा ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. सोबती आणायचा तर नर-मादीची खात्री पशुवैद्याकडून करून घ्यावी, कारण मादी अवघ्या महिन्याभराची असतानाच गाभण राहू शकते. याचाही पुस्तिकेत उल्लेख नाही. दर महिन्याला अंघोळ घालावी असे मात्र लिहिले आहे, जी सामान्यतः अनावश्यक असते.

आजारपणाला तिने एक ओळसुद्धा दिलेली नाही. गिनीपिग दुखणे लपवतो, म्हणून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ते लिहून ठेवावे. पूर्ण वाढलेल्याचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते आणि त्यात अचानक झालेली घट बहुतेक वेळा इतर लक्षणांच्या आधी दिसते. बारा तासांत त्याने काहीच खाल्ले नसेल किंवा लेंड्या टाकल्या नसतील, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे, आणि पेनिसिलिन गटातली प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास या प्राण्याच्या आतड्यांतले जिवाणू बिघडून ती जीवघेणी ठरू शकतात, हे ध्यानात ठेवून छोट्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवावा. संच घ्यायचाच असेल तर बाटली आणि भांडे सुटे मिळते का ते दुकानात विचारावे. आमच्या दुकानदाराने नंतर सांगितले की दोन्ही मिळतात.