होमपेजवर स्लायडर की एकच स्थिर चित्र?

संस्थेची साइट करायला घेतली की होमपेजच्या माथ्यावर काय लावायचं, यावर गाडी अडतेच. स्लायडरची, म्हणजे एकाच जागी एकामागून एक सरकणाऱ्या चित्रांच्या पट्टीची, बाजू अगदीच लंगडी नाही. चार विभागांना दर्शनी जागा मिळते, कुणी नाराज होत नाही. कार्यक्रमाचे फोटो असतील आणि पाहणारा स्वतः बोटाने पुढे सरकवणार असेल, तर मीही स्लायडरच निवडेन.

खटकतं ते त्याचं आपोआप सरकणं. ‘प्रवेश अर्ज भरा’ हे बटण दिसतं, बोट टेकेपर्यंत स्लाइड बदलते आणि उघडतं स्नेहसंमेलनाचं पान. त्यात मराठी मजकूर बहुधा चित्रातच घातलेला असतो. १२०० पिक्सेल रुंदीची पट्टी फोनच्या ३६० पिक्सेलमध्ये बसवली की ४० पिक्सेलचं अक्षर १२ पिक्सेलचं होतं. जोडाक्षरं गिचमिड होतात, ती लावून वाचेपर्यंत पुढची स्लाइड हजर. अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तर त्यातलं अक्षरही कळत नाही.

डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांचा निकष २.२.२ सांगतो की, इतर मजकुराशेजारी काही आपोआप ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलत असेल, तर ते थांबवायची सोय हवी. पुष्कळ स्लायडर माउस वर नेला की थांबतात. पण फोनवर माउस कुठून आणणार?

स्थिर चित्रालाही पथ्यं आहेत. कोडमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर चित्र उतरताच खालचा मजकूर ढकलला जातो आणि बटण चुकण्याचा तोच त्रास पुन्हा सुरू. या पहिल्या चित्राला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच चित्र उतरवणं) लावू नका, ते उशिरा उतरतं. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. मथळा चित्रात न घालता त्यावर एचटीएमएलमध्येच, म्हणजे पानाच्या कोडमध्ये मजकूर म्हणून लिहा.

स्लायडर ठेवायचाच असेल, तर ऑटोप्ले (आपोआप सरकणं) बंद करा, सगळ्या स्लाइडची उंची सारखी ठेवा आणि मागे-पुढे नेणारी बटणं ४४ पिक्सेलची तरी करा. सरकवायला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘लेफ्ट’ऐवजी ‘ट्रान्सफॉर्म’ हा गुणधर्म वापरा, म्हणजे साध्या फोनवर झटके कमी बसतात. हलत्या दृश्यांनी काहींना गरगरतं. ‘प्रेफर्स रिड्यूस्ड मोशन’ (हालचाल कमी हवी, अशी पाहणाऱ्याने आपल्या फोनवर केलेली निवड) तपासून त्यांच्यासाठी ते सरकणंही काढून टाका.

माझं पारडं स्थिर चित्राकडे झुकतं. उरलेल्या तीन विभागांच्या लिंक त्याखाली ओळीने द्या. तिथे त्या सरकत नाहीत, हव्या तेव्हा सापडतात.