खोकं नामांकित कंपनीचं, आतली मशीन भलतीच

भिंती कापायला आणि झिऱ्या मारायला (वायर-पाइपसाठी भिंतीत लांब खाचा पाडायला) आपण जे ग्राइंडर-कटर घेतो, त्यात सध्या डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट झालाय. मी चिपळूण-गुहागर पट्ट्यात वायरिंग आणि प्लंबिंगची कामं घेतो. मशीन स्वतः चालवतो, हाताखाली एक-दोन पोरं असतात. पावसाळ्यानंतर कामं सुरू होण्याआधी एका मोठ्या शहरातल्या टूल्सच्या बाजारातून चार इंची ग्राइंडर, मार्बल कटर आणि डायमंड ब्लेडं आणली. त्यात पद्धतशीर फसवणूक झाली. पैसे गेलेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका पोराचा डोळा थोडक्यात वाचला. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

दुकान फूटपाथवरचं नव्हतं. मोठी पाटी, आत नावाजलेल्या कंपन्यांचे फलक, काउंटरवर गर्दी. भावही संशय येण्याइतका कमी नव्हता. बाजारात जो भाव चालतो त्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. कारण विचारलं तर दुकानदाराकडे उत्तर तयार होतं: "शेठ, डीलर लोकांना कंपनीचं टार्गेट असतं. वर्षअखेरीला जादा उचललेला माल ते आमच्याकडे काढतात." अशी सूट खरोखरच मिळते, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. त्याने काउंटरवरची मशीन लावून कडाप्प्याचा तुकडा आमच्यासमोर कापून दाखवला. सरळ, न थरथरता कापला. मग आतल्या गोडाऊनमधून सील केलेली खोकी आणून दिली. फसवणूक नेमकी इथे होती. दाखवायची मशीन अस्सल, द्यायची दुसरी.

बिलाच्या वेळी म्हणाला, "पक्कं बिल केलं तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल. वॉरंटी कार्डवर शिक्का मारून देतो, सर्व्हिस सेंटरला तेवढं चालतं." हातात आला एक कच्चा कागद. पैसे यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नावावर न जाता कुठल्यातरी माणसाच्या नावावर गेले.

आता कामाचं सांगतो, कारण दुकानदाराने दुसरी फसवणूक तिथे केली.

आमच्याकडे जुनं घर म्हणजे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत. नवं काम विटांचं किंवा ब्लॉकचं, आणि लिंटेल (दरवाजा-खिडकीवरची आडवी तुळई) नि स्लॅब काँक्रीटचं. ही तीन वेगवेगळी कामं आहेत. डायमंड ब्लेडच्या दातात हिऱ्याचे कण धातूच्या भुकटीत पक्के बसवलेले असतात. कापताना तो धातू झिजतो, बोथट झालेले कण गळतात आणि खालचे नवे कण उघडे पडतात. काँक्रीट किंवा आपल्याकडचा काळा दगड कठीण असतो, त्याला मऊ धातूचं ब्लेड लागतं, नाहीतर नवे कण बाहेरच येत नाहीत आणि ब्लेड नुसतं घासत, तापत राहतं. चिरा आणि वीट याच्या उलट. ती मऊ असतात पण खरखरीत, धातू भराभर खातात, म्हणून तिथे कडक धातूचं ब्लेड हवं. आणि टाइलसाठी जे सलग कडेचं ब्लेड येतं ते पाण्यावर चालवायचं असतं. भिंतीत कोरडं चालवायला मधे खाचा असलेलं, तुकड्या-तुकड्यांच्या कडेचं ब्लेड घ्यायचं, म्हणजे हवा लागते आणि भुकटी बाहेर पडते.

मला त्याने सगळ्याला एकच ब्लेड दिलं. "ऑल मटेरियल, चिरा-काँक्रीट-ग्रॅनाइट सगळं चालतं." चिऱ्यात ते बघता बघता संपलं. दात चांगले उंच दिसत होते, पण हिरा होता फक्त वरच्या पातळ थरात. तो गेल्यावर खाली नुसता धातू उरला, आणि तो दगडावर घासून लाल व्हायला लागला.

तरीही एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. काँक्रीटच्या लिंटेलशेजारी झिरी मारत असताना एका ब्लेडचा दात मुळापासून सुटला. चार इंची ब्लेड मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते. तो तुकडा गार्डवर (ब्लेडवरच्या संरक्षक झाकणावर) आदळला आणि गार्डचा पत्रा आत दबला. मशीन धरलेला पोरगा बावीस वर्षांचा आहे. गार्ड नसता तर तो तुकडा कुठे गेला असता हे त्यालाही कळलं आणि मलाही. आणि याच दुकानदाराने सल्ला दिला होता, "गार्ड काढा, पाच इंची ब्लेड बसेल, खोल कापेल." तो सल्ला आम्ही मानला नव्हता, कारण गार्ड काढून काम करणाऱ्यांचे हात मी पाहिलेत.

हा सल्ला बऱ्याच ठिकाणी देतात, म्हणून इथे थोडं थांबतो. प्रत्येक ब्लेडवर आणि डिस्कवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. नेहमीच्या डिस्कची कड सेकंदाला ८० मीटरपेक्षा जास्त वेगाने फिरू नये या हिशोबाने तो काढलेला असतो. त्यामुळे सात इंची डिस्कला मर्यादा साधारण ८,५०० फेऱ्यांची, नऊ इंचीला ६,६०० च्या आसपास. म्हणूनच मोठे ग्राइंडर सावकाश फिरतात. लहान मशीनचा गार्ड काढून त्यावर सात इंची डिस्क चढवली तर ती ११,००० ला फिरते, म्हणजे कड सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जाते. डिस्क फुटायला आणखी काही लागत नाही. ब्लेडच्या भोकाचंही तसंच. मार्बल कटरचं ब्लेड २० मिलिमीटर भोकाचं असतं, चार इंची ग्राइंडरला १६ लागतं, मोठ्या ग्राइंडरला २२.२३. ढिली रिंग टाकून बसवून देणारा दुकानदार ब्लेड मध्यावर बसवत नाही. ते डगडगतं आणि तसंच फिरतं.

खोलीबद्दलही खोटं सांगतात. चार इंची कटर जास्तीत जास्त ३०-३४ मिलिमीटर खोल जातो. कंड्युइटच्या (वायरच्या पाइपच्या) झिरीला दोन समांतर कट मारायचे आणि मधला भाग छिन्नीने काढायचा, एवढ्याला तो पुरतो. नऊ इंची ग्राइंडर साधारण ६५ पर्यंत जातो. चिऱ्याची नऊ इंची भिंत आरपार कापून दरवाजा काढायचा असेल तर यातलं काहीच चालत नाही, दोन्ही बाजूंनी कापलं तरी मधे गाभा राहतो. त्याला चौदा इंची कट-ऑफ मशीन पाण्यासकट लागते. ती एका बाजूने साधारण १२५ मिलिमीटर जाते आणि दोन्ही बाजूंचे कट मधे मिळतात. अशी मशीन रोजाने भाड्याने मिळते. वर्षातून एखाद-दुसऱ्या दरवाजासाठी ती विकत घेण्यात अर्थ नाही, आणि "याच कटरने होईल" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवण्यात तर अजिबात नाही.

आता मशीन. ग्राइंडरवर १४०० वॅट लिहिलं होतं. प्लास्टरमध्ये बरा चालला. काँक्रीटला लावला की दम तोडायचा, मग जळका वास, मग ब्रशजवळ ठिणग्यांचं रिंगण. आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) गेलं. वॉरंटी कार्ड घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या माणसाने पाटीवरचा सीरियल नंबर संगणकात टाकला. तो नंबर त्या कंपनीच्या भलत्याच मॉडेलचा होता. मग त्याने शेजारी अस्सल मशीन ठेवून दाखवलं. अस्सलवर माहितीची पाटी नीट छापलेली, आमच्यावर चिकटवलेला स्टिकर, नखाने कोपरा सुटत होता. गिअरच्या डोक्याची धातूची ओत खडबडीत. केबल पातळ. वजनात तर हातालाच फरक कळत होता. त्या माणसाने फोटो काढून घेतले आणि स्पष्ट सांगितलं, ही आमची मशीन नाही, आम्ही उघडणारसुद्धा नाही.

गावातल्या वाइंडिंगवाल्याने उघडली. त्याने आर्मेचरची तार ब्लेडने खरवडली तर तांबूस थर निघून आतून पांढरी धातू दिसली. ॲल्युमिनियम. तांब्याच्या मानाने ॲल्युमिनियम साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहून नेतं, म्हणजे तेवढ्याच जाडीच्या तारेत जास्त उष्णता होते. मशीन जळणार हे ती बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. मार्बल कटर अजून चालू होता, तो मी क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) लावून तपासला. १२०० वॅट लिहिलेली मशीन पूर्ण भाराखाली २३० व्होल्टला पाच अँपिअरच्या वर खायला हवी. ही तीनच्या पुढे सरकेना. ज्यांच्याकडे क्लॅम्प मीटर आहे त्यांनी हे जरूर करून बघा, पण मीटरमध्ये एकच वायर घ्यायची, दोन्ही एकत्र घेतल्या तर आकडा शून्यच येतो. आणि मोकळ्या फिरत्या मशीनवर मोजून उपयोग नाही, कापत असताना मोजा.

खरेदी करताना मी आता काय करतो ते सांगतो. दाखवलेली मशीन आणि मिळणारी मशीन एकच असली पाहिजे. खोकं माझ्यासमोर फोडायचं, त्यातलीच मशीन लावून बघायची. खोक्यावरचा, पाटीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवायचा, आणि पैसे देण्याआधी तिथूनच कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून तो नंबर सांगायचा. हा क्रमांक खोक्यावरून न घेता कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यावा. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर आयातदाराचा पत्ताच नव्हता. माहितीपत्रकात मशीनचं वजन दिलेलं असतं, दुकानात काटा असतोच, ठेवून बघा. अस्सल रेझिनच्या कटिंग डिस्कवर मधल्या धातूच्या कड्यात वापराची मुदत कोरलेली असते. मुदत संपलेल्या डिस्क स्वस्तात देणारेही आहेत, तिकडे वळू नका. आणि पक्कं बिल. अठरा टक्के जास्त वाटतात, पण तक्रार करताना तोच कागद लागतो.

धुळीचंही एक. त्या दुकानदाराने 'डस्ट मास्क' म्हणून कापडी मास्क फुकट दिले होते. काँक्रीट आणि प्लास्टर कापताना वाळूतल्या सिलिकाची जी बारीक धूळ उडते ती कापडातून सरळ आत जाते आणि सिलिकोसिस (या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) झाला की फुप्फुस परत पूर्ववत होत नाही. पोरांना एन-९५ द्या, जमेल तिथे पाणी मारून कापा, आणि पाणी असेल तर लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

दुकानदाराकडे परत गेलो तेव्हा त्याने ओळखच दाखवली नाही. "आमच्या दुकानाचं बिल आहे का?" एवढंच विचारलं. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाने उत्तर दिलं नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. माझ्यासारख्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही असा आक्षेप समोरचा घेतो. पण स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे, तेव्हा 'मी स्वयंरोजगारासाठी ही मशीन घेतली आणि स्वतः चालवतो' हे वाक्य तक्रारीत स्पष्ट लिहा. सोबत यूपीआयची नोंद, कच्चा कागद, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, सर्व्हिस सेंटरचं लेखी उत्तर आणि खोक्याचे फोटो जोडलेत. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे, त्यामुळे ज्या कंपनीचं नाव वापरलं गेलं तिलाही मी वेगळं पत्र दिलंय. जळलेली मशीन आणि दात सुटलेलं ब्लेड आयोगापुढे ठेवायला जपून ठेवलंय. तुमच्याकडे असा माल आला असेल तर तो भंगारात टाकू नका, तोच पुरावा आहे.