कोर्ट नाक्यावरचं प्लॉटरवालं दुकान: डोंगराचा नकाशा छापायचा असेल तर

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सची दुकानं एकाला एक लागून आहेत. स्टॅम्प पेपर, सातबारा, प्रतिज्ञापत्राचं टायपिंग, सगळं तिथेच. त्यातल्या मोठा प्लॉटर, म्हणजे मोठाले नकाशे छापणारं यंत्र असलेल्या दुकानाबद्दल हे लिहितेय. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे आर्किटेक्टच्या ऑफिसातली मुलं आणि पुनर्विकासाच्या फायली काखोटीला मारून आलेले सोसायटीचे सेक्रेटरी. मी गेले ती सह्याद्री छापायला. चार स्टार. पाचवा का नाही, ते पुढे येईलच.

डिसेंबरात मला एकटीने बारीपासून खिरेश्वरपर्यंत चालायचंय. आधी कळसूबाई, मग भंडारदऱ्याच्या पाण्याकडेने रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि टोलार खिंडीतून खाली. आजवर ग्रुपबरोबरच गेलेय. ग्रुपमध्ये पुढच्याच्या बुटांकडे बघत चाललं तरी गड येतो. एकटीला मात्र वाट आधी डोक्यात बसवावी लागते आणि मोबाइलच्या वीतभर पडद्यावर ती मावत नाही. रतनगड मोठा करून बघावा तर हरिश्चंद्रगड पार बाहेर जातो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० ची ओपन सिरीज शीट्स पीडीएफमध्ये फुकट मिळतात. अडचण अशी की कळसूबाई एका शीटवर, हरिश्चंद्रगड दुसऱ्यावर आणि रतनवाडीच्या आसपासच चार शीट्सचे कोपरे भेटतात. म्हणजे वाटेचा जो भाग नीट बघायचा तोच नेमका कागदाच्या कडेला. चार फायली पेनड्राइव्हवर घेऊन शनिवारी सकाळी दुकानात गेले.

प्लॉटरवरच्या मुलाने भराभर चारही शीट्स काढली. मी वागळे इस्टेटला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, स्टीलची पट्टी पर्समध्ये असतेच. काउंटरवरच स्केलबार, म्हणजे नकाशावरची अंतराची पट्टी, मोजला. १:५०,००० म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, तर पाच किलोमीटरची पट्टी दहा सेंटिमीटर भरायला हवी. भरली ९.४. त्याने ‘फिट टू पेज’वर छापलं होतं. ऐकायला सहा मिलिमीटर, पण पन्नास किलोमीटरला तीन किलोमीटर गायब, आणि पाठीवर ओझं असताना तीन किलोमीटर म्हणजे पुरता तास. मुलगा म्हणाला, “मॅडम, एवढ्याने काय होतंय?” आतून काका उठून आले, पट्टी स्वतः लावून पाहिली आणि त्याला म्हणाले, “अरे, प्लॅन असता तर भिंत आत आली असती.” पुन्हा छापलं, शंभर टक्क्यांवर, जादा पैसे न घेता. तरी एक स्टार तिथेच गेला. नकाशे छापणाऱ्या दुकानात स्केल गिऱ्हाइकाने कशाला तपासायचं?

काळंपांढरं निम्म्याहून स्वस्त पडतं, पण घेऊ नका. या शीट्सवर उंचीच्या रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तपकिरी, पाणी असलेला ओढा निळा आणि कोरडा काळा असतो. काळ्यापांढऱ्यात तिन्हींचा एकच गुंता होतो. दुसऱ्या दिवशी दोन लिटर पाणी न्यायचं की चार, हे मला त्या निळ्या-काळ्यावरूनच ठरवायचंय. शिवाय काळा ओढा श्रावणात धोधो वाहत असेल, डिसेंबरात तिथे दगडच असणार. आणि निळा दिसला तरी गावात विचारून घ्यायचंच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. “चारही जोडून मिळतील का?” विचारलं, तेव्हा सेलोटेप पुढे करतील एवढीच अपेक्षा होती. काकांनी दोन शीट्सचे समास कटरने उडवले, उरलेल्यांचे गोंदासाठी ठेवले आणि कडा एकमेकींवर सरकवत बसले. आधी नद्या जुळवल्या, मग रस्ते, शेवटी उंचीच्या रेषा. एका ठिकाणी तपकिरी रेषांचा गठ्ठाच होता, इतक्या खेटून की मधे पांढरं दिसेना. “इथे काय आहे?” “कडा आहे, काका.” “मग इथून खाली उतरू नका,” म्हणाले आणि पुढचं शीट घेतलं. मागे रजिस्ट्रेशनच्या कागदांसाठी माणसं खोळंबली होती. त्यांना म्हणाले, “दहा मिनिटं. ताईंना डोंगरात जायचंय.”

घरी तो कागद दिवाणखान्यात अंथरला, चारी कोपऱ्यांवर डाळीचे डबे. शिवणाचा दोरा वाटेवर वळणावळणाने ठेवून पट्टीवर मोजला. उंचीच्या दोन लागोपाठच्या रेषांत वीस मीटरचा फरक. बारीहून कळसूबाईला चाळीसच्या आसपास रेषा ओलांडायच्या, म्हणजे आठशे मीटरच्या जवळपास चढ. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ढोबळ हिशेब असा: सपाटीला ताशी पाच किलोमीटर, वर दर सहाशे मीटर चढाला एक तास. माझ्या गुडघ्यांना आणि बारा किलोच्या सॅकला मी तो दीडपट लावला. त्याबरोबर रतनवाडी ते कुमशेत हा दिवस एवढा लांबला की रतनगडावर नेढ्यापर्यंत (खडकातल्या आरपार भोकापर्यंत) जाऊन त्याच दिवशी खिंड उतरायचा बेत रद्द झाला. आता गड एका दिवशी, रतनवाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी खिंड. रतनवाडी प्रवरेच्या खोऱ्यात, कुमशेत मुळेच्या, आणि मधली धार कात्राबाईच्या खिंडीतून ओलांडायची, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. खिंडीपर्यंत रतनवाडीतला एखादा माणूस बरोबर घेणार आहे. जंगलातल्या ढोरवाटा कुठल्याच नकाशावर नसतात, आणि एकटीने जायचं म्हणून सगळीकडे एकटीनेच जायला मला कुणी पैज लावलेली नाही.

जाणार असाल तर: शनिवार टाळा, अकरानंतर रजिस्ट्रेशनवाल्यांची झुंबड उडते. पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत या. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवता येते, पण ‘हंड्रेड पर्सेंट, ए-वन साइझचा कागद’ असं समोर उभं राहून सांगा आणि पट्टी घेऊन जा. चार रंगीत शीट्स आणि जोडणी मिळून सहाशेच्या आत झालं. यूपीआय चालतं. लॅमिनेशनचा आग्रह करतील, नम्रपणे नको म्हणा. मग त्याची घडी पडत नाही आणि नळकांडं सॅकला अडकवून खिंडीत शिरलं की प्रत्येक करवंदीत अडकतं. मी दोन्ही टोकांकडून घड्या घालून झिपच्या पिशवीत ठेवलाय, त्या दिवसाचा भाग वर येईल असा. शीट्सवरचे रस्ते जुने असू शकतात, त्यामुळे पाचनईकडची डांबरी मोबाइलवर ताडून मी पेन्सिलीने काढली. काकांकडे एचबी पेन्सिलीही आहेत, पण खोडरबर मात्र घरूनच न्या, त्यांच्याकडचं कागद फाडतं.