मुलांचे स्पोर्ट्स गॉगल: भिंगं एक नंबर, पट्टा मात्र डोकेदुखी

लेकीच्या बॅडमिंटनसाठी पॉलिकार्बोनेटचे (मार झेलणाऱ्या प्लॅस्टिकचे) गॉगल घेतलेत, नंबर टाकून मिळतात. हे आधीच सांगते कारण जो तो म्हणतो चष्मा आहे की तिला, अजून काय पाहिजे. अहो साधा चष्मा फुटला तर त्याचेच तुकडे डोळ्यात जायची भीती, आणि कॉन्टॅक्ट लेन्स तर काहीच अडवत नाही. शटलचं बूच एवढुसं, डोळ्याच्या खोबणीत सरळ घुसतं, मोठा बॉल निदान भुवईच्या नि गालाच्या हाडावर बराचसा अडतो. स्क्वॉशचा बॉल पण तसाच, जेमतेम ४० मिमीचा. म्हणून भिंगच नसलेली ती उघडी फ्रेम मिळते ना, ती फुकट दिली तरी घेऊ नका.

खोक्यावर 'अनब्रेकेबल' लिहिलेलं बघून भुलू नका, एएसटीएम एफ८०३ (खेळाच्या चष्म्यांचं अमेरिकी मानक, रॅकेटच्या खेळांसाठी आता एफ३१६४) असं छापलंय का ते बघा, यावर एफ८०३ आहे. यात फ्रेमची पण टेस्ट होते, कारण भिंग मजबूत असून उपयोग काय जर ते निसटून आतच आलं तर. एकाच डोळ्याने नीट दिसतं अशा मुलांना तर हे हवेच हवेत.

आता तक्रारी. चरे लवकर पडतात, पॉलिकार्बोनेटचा स्वभावच तो, ओढणीने पुसू नका. घाम आला की वाफ धरते. पट्टा सारखा सैल होतो आणि घट्ट केला की कानामागे लाल वळ.

सगळ्यात राग आला तो सोबतच्या कागदाचा, धुवायचं कसं यावर अख्खं पान आणि मार लागला तर काय करायचं यावर एक ओळ नाही! मग मीच लिहिते. डोळ्यात काही घुसलं किंवा डोळा फाटल्यासारखा वाटला तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, धुवायचं नाही, रुतलेलं उपसायचं तर अजिबात नाही. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्याला न लावता भोवतीच्या हाडावर हलका टेकवा, चिकटपट्टी लावा आणि दवाखान्यात निघा, खायला प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. डिटर्जंट किंवा ॲसिड उडालं तर बरोब्बर उलटं, जागच्या जागी नळाखाली १५-२० मिनिटं धुवायचं आणि मगच डॉक्टर. नुसता ठोसा बसला नि डोळा वरून ठीक दिसतोय तरी दाखवा, आत रक्त साठून प्रेशर वाढू शकतं, आणि लहान पोरांना एका डोळ्याने अंधुक दिसतंय हे कळतही नाही, दुसऱ्याने भागतं ना.

आणि हो, हे कोर्टवर. घरातली छर्ऱ्याची खेळण्यातली बंदूक हे गॉगल घातलेत म्हणून चालेल असं समजू नका, आमच्याकडे ती येतच नाही, भाच्याने आणली होती ती परत पाठवली.

पाचपैकी चार. ऑर्डर करताना चेहऱ्याची रुंदी मोजून द्या, वयावरून साइज मागवली तर नाकावरून घसरतात. कोणाला याला बसेल असा चांगला पट्टा सुटा मिळाला असेल तर सांगा.